आधी पट्टा सोडा

काळ्या रबरी कापडाचा, वीतभर रुंद, एका टोकाला वेलक्रो आणि आतून पोपटी किंवा गुलाबी अस्तर. नवा असताना रबराचा वास मारतो, महिन्याभरात त्यावर घामाचा आंबूस वास चढतो आणि वेलक्रोमध्ये केस, धागे, टॉवेलचे तंतू असं काय काय अडकून बसतं. कुणी याला 'स्वेट बेल्ट' म्हणतं, कुणी 'टमी ट्रिमर'. बहुतेक जणी नुसतं 'पट्टा' म्हणतात. दुसरा प्रकार जरा महागातला. पुढे हुकांच्या दोन-तीन रांगा, आत उभ्या लवचीक काड्या शिवलेल्या, बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत सगळं आवळून धरणारा. त्याला 'वेस्ट ट्रेनर' असं भारदस्त नाव आहे, जणू काही कंबर त्याच्याकडे शिकवणीला जाते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. डोंबिवलीत माझं लहानसं क्लिनिक आहे आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी जवळच्याच बायकांच्या जिममध्ये नव्या सभासदांची तपासणी करते. गुडघे, पाठ, जुनी दुखणी, बाळंतपणं, ऑपरेशनं, हे सगळं विचारून कुणाला काय झेपेल ते ट्रेनरला लिहून द्यायचं, एवढंच काम. त्यामुळे हे पट्टे सतत माझ्या नजरेखालून जातात. "हा घालून व्यायाम केलेला चालतो ना मॅडम?" असं विचारणारी बाई तो बहुधा घालूनच आलेली असते. तिला परवानगी नको असते, शिक्का हवा असतो.

मी उत्तर देत नाही, टेप काढते. शिंप्याची साधी टेप. छातीच्या खाली, जिथे बरगड्या संपत येतात तिथे ती गुंडाळते आणि सांगते, "सगळा श्वास सोडा. आता घ्या, भरपूर." पट्टा नसताना धडधाकट बाईचा घेर तिथे चार-पाच सेंटिमीटर वाढतो. मग तिचाच पट्टा तिच्याच हाताने नेहमीसारखा आवळायला सांगते आणि पुन्हा मोजते. दोन सेंटिमीटर, कधी दीड. टेप तिच्याच डोळ्यांसमोर असते, आकडा ती स्वतः वाचते. मग बोलणं सोपं जातं.

श्वास घेताना फुप्फुसं आपणहून फुगत नाहीत. त्यांच्या खाली घुमटासारखं श्वासपटल असतं, ते आकसून खाली उतरतं. खाली उतरायचं तर पोटातल्या जठराला, यकृताला, आतड्यांना जागा करून द्यावी लागते; म्हणून पोट पुढे येतं, खालच्या बरगड्या बाजूंना उघडतात. थोडक्यात, कंबर प्रत्येक श्वासाला मोठी होते आणि पुन्हा लहान होते. बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. ट्रेडमिलवर जोरात पळायला लागलो की तीच गरज दहापटीच्या घरात जाते. म्हणजे ज्या वेळी कंबरेने सर्वांत जास्त हलायला हवं, नेमक्या त्याच वेळी आपण तिला सांगतो, हलू नकोस. पट्ट्याचा धंदाच तो आहे, कंबर एका मापात धरून ठेवायचा. तो आपलं काम चोख करतो, आणि म्हणूनच तो व्यायामाच्या आड येतो.

पट्टा घालून पळणारी बाई ओळखायला टेपही लागत नाही. तिचे खांदे दर श्वासाला कानाकडे जातात. गळ्याजवळच्या दोन्ही शिरा ताणलेल्या दिसतात. त्या खरं तर शिरा नसतात, मानेचे स्नायू असतात. पोटातून श्वास घेता येत नाही तेव्हा मान आणि खांदे ती जबाबदारी उचलतात, आणि ते त्यांचं रोजचं काम नाही. दोन-तीन महिन्यांनी यांतली एखादी क्लिनिकमध्ये येते ती मान आखडली म्हणून. मोबाइलमुळे झालं असेल, उशी बदलली म्हणून असेल, लोकलमध्ये वरचा दांडा धरून उभं राहिल्यामुळे असेल, अशी सगळी कारणं तिने घरी चाळून पाहिलेली असतात. कदाचित तीही असतील. पण मी आधी विचारते, जिममध्ये पट्टा लावता का? कित्येकदा पळताना चक्कर येते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ही तक्रारही त्याच प्रश्नाला बाहेर पडते. "मला वाटलं, माझा स्टॅमिनाच कमी," असं तिचं म्हणणं. स्टॅमिना बिचारा ठीकच असतो. छातीत दुखत असेल किंवा पट्टा सोडूनही चक्कर येत असेल, तर मात्र ते माझं काम नाही. तिथे सरळ डॉक्टर आणि ईसीजी.

आता घामाचं. रबरी पट्ट्याची सगळी जाहिरात घामावर उभी आहे. व्यायाम संपल्यावर पट्टा सोडला की आतून पाण्याची धार लागते, पोटाची कातडी पांढुरकी, सुरकुतलेली झालेली असते, आणि ती बघून बाईला धन्य वाटतं. चरबी वितळली! वजनकाट्यावरही अर्धा किलो कमी दिसतो. काटा खोटं बोलत नाही, तो पाण्याचं वजन सांगतो. घरी जाऊन दोन तांबे पाणी प्यायलं की अर्धा किलो परत. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. साठ किलोच्या बाईने तासभर झपाझप चालून अडीचशे-तीनशे खर्च होतात. हा हिशोब कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. आणि पोटावर पट्टा बांधला म्हणून पोटाचीच चरबी आधी जाईल, तर शरीर तसं ऐकत नाही. कुठली चरबी आधी काढायची ते त्याचं तेच ठरवतं, बहुतेक वेळा गाल आधी बसतात आणि पोट शेवटी.

घाम येणं हा फायदा नाहीच मुळी, घाम वाळणं हा फायदा. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून खाली टपकलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. रबराखाली तो वाळणार कुठून? त्यात आमच्याकडची मे महिन्यातली हवा अशी की उघड्या अंगावरचाही घाम वाळत नाही. एका पट्ट्याने कुणाला उष्माघात होईल असं मी म्हणणार नाही. तो अंगाचा लहानसाच भाग झाकतो. पण आमच्या जिममध्ये पट्ट्यावर रबरी जाकीट, त्यावर हुडी, पंखा बंद, आणि 'वजन वाढेल' म्हणून पाणीही नाही, असा सगळा थाट करणाऱ्या मुली येतात. त्यांना मी १९९७ची गोष्ट सांगते. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, महिनाभराच्या अंतरात, अमेरिकेत वेगवेगळ्या राज्यांतले कॉलेजात कुस्ती खेळणारे तीन धडधाकट तरुण गेले. वजनी गटात बसायचं म्हणून घाम बाहेर न सोडणारे सूट घालून, गरम खोलीत, पाणी तोडून ते व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे सूट आणि सॉना यांवर बंदी आली. तीन तरणेताठे पैलवान. तुमच्या पोटावरच्या दोन इंचांसाठी हा रस्ता नको, एवढंच मी म्हणते. पुढचं त्या आपापसात बोलतात.

हे झालं वरवरचं. श्वास आणि घाम पट्टा सोडला की पाच मिनिटांत पूर्वपदावर येतात. मला खरी काळजी वाटते ती दाबाची, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पोट ही बंद पोकळी आहे. वर श्वासपटल, मागे कणा, पुढे आणि बाजूंना पोटाचे स्नायू, तळाला ओटीपोट तोलून धरणारे स्नायू, ज्यांना इंग्रजीच्या प्रभावाने आम्ही सगळे 'पेल्व्हिक फ्लोअर' म्हणतो. मधला भाग आवळला की आतलं काही नाहीसं होत नाही. टूथपेस्टची ट्यूब मधोमध दाबावी तसं ते वर आणि खाली सरकतं. वर सरकलं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत येतं. जेवून दोन तासांच्या आत पट्टा लावून क्रंचेस करणाऱ्यांना जळजळ आणि आंबट पाणी यांची ओळख चांगली असते. खाली सरकलं की सगळा भार तळाच्या स्नायूंवर. एक-दोन बाळंतपणं झालेल्या बाईचे ते स्नायू आधीच थकलेले असतात.

जिममधल्या तपासणीच्या खोलीचं दार लावून मी एक प्रश्न विचारते, "शिंकताना, खोकताना, उडी मारताना लघवी निसटते का?" पहिलं उत्तर ठरलेलं: "छे, छे." मग मी गुडघे बघते, पाठ बघते, इकडचं तिकडचं बोलते. थोड्या वेळाने, "कधीतरी होतं, सर्दी असली की." आणि मग सगळं झाल्यावर, पर्स खांद्याला लावून दाराच्या कडीला हात घातल्यावर, माझ्याकडे न बघता, "दोरीच्या उड्यांच्या दिवशी मी पॅड लावते." एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी तर सांगितलं की संध्याकाळच्या बॅचला यायचं म्हणून दुपारी तीननंतर त्या पाणीच पीत नाहीत. पस्तिशीच्या आतल्या बाई. घरी नवऱ्याला माहीत नाही, बहिणीला माहीत नाही.

मी विचारलं, मग पट्टा कशाला? त्यांचं उत्तर ऐकून मला पट्ट्याकडे बघायची नवी नजर मिळाली. "पोट धरून ठेवलं की तेही धरलं जाईल असं वाटतं." त्यात कुठेही मूर्खपणा नाही. सुटलेलं वाटतंय म्हणून बांधलं, सरळ तर्क आहे. पण प्रत्येक उडीला वरून येणारा दाब पट्ट्यामुळे पुढे पसरू शकत नाही, तो खालीच जातो, आणि जे धरायचं होतं तेच निसटतं. या बाईंना मी पट्टा न घालता, उडी न मारता, नुसतं टाचा उचलून खाली यायला सांगितलं. काही झालं नाही. मग पट्टा लावून तेच. त्यांनी मध्येच थांबून मान हलवली आणि बाथरूमकडे गेल्या. पुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

हे दुखणं बरं होतं, ही गोष्ट तर फारच कमी जणींना माहीत असते. बाळंतपणानंतर व्हायचंच, आईलाही होतं, असं म्हणून बाई वीस-वीस वर्षं काढते. तळाचे स्नायू ओळखून, आवळून, सोडून, नीट देखरेखीखाली किमान तीन महिने व्यायाम केला तर बहुतेकींना चांगला फरक पडतो. सोडणंही शिकावं लागतं; सतत आवळलेला स्नायू दमलेला असतो. आणि उचलताना, उठताना, जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. ऐकायला क्षुल्लक वाटतं. बादली उचलताना करून बघा. पट्टा घातलेली बाई हे नेमकं शिकू शकत नाही, कारण पोट कधी आत गेलं आणि कधी बाहेर आलं हे तिला जाणवतच नाही, सगळीकडून सारखंच आवळलेलं असतं.

पट्टा आणखी काही गोष्टी झाकतो. बाळंतपणानंतर पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली सांधणारी पट्टी ताणून रुंद झालेली असते. आडवं झोपवून मान जरा उचलायला सांगितली की बेंबीच्या वर-खाली बोटं आत जातात, आणि कधी मधोमध एक लांबट फुगवटा उभा राहतो. अशा पोटावर पट्टा लावून क्रंचेस केले की वरून सपाट दिसतं आणि आत ती पट्टी रोज ताणली जाते. एकदा तर एका बँकेतल्या काकूंनी पट्टा काढायला साफ नकार दिला. लाज वाटते म्हणाल्या. बऱ्याच आर्जवांनंतर काढला, मी म्हटलं खोका, आणि बेंबीपाशी लिंबाएवढा गोळा बाहेर आला. हर्निया. त्यांना तो ठाऊक होता, पण पट्ट्याने 'आत बसतो' म्हणून त्यांनी तसाच जमवून घेतला होता आणि त्यावर वजनं उचलत होत्या. त्याच आठवड्यात सर्जनकडे पाठवलं. आतडं अडकून रात्री-बेरात्री धावाधाव होण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "पण आमच्या आज्या बाळंतपणात पोट बांधायच्याच की!" खरं आहे. आणि मी त्या बांधण्याच्या विरोधात नाही. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात मालीशवाल्या मावशी यायच्या. त्यांचं बांधणं मी मुद्दाम शेजारी बसून बघितलं आहे, कारण कॉलेजात ते कुणी शिकवलं नव्हतं. आईच्या जुन्या सुती लुगड्याची हातभर रुंदीची लांब पट्टी. बहिणीला उताणी झोपवून, गुडघे उभे करून, मावशी खालून सुरुवात करायच्या, कंबरेच्या हाडांच्याही खालून, आणि एकेक वेढा वर वर चढवत न्यायच्या. बरगड्या आल्या की थांबायच्या. दर वेढ्याला म्हणायच्या, "श्वास घे गं," आणि तिने घेतला की मगच गाठ. शेवटी स्वतःची दोन बोटं पट्टीखाली सरकवून बघायच्या. गेली नाहीत तर सोडून पुन्हा. जेवताना सैल, झोपताना काढायचं. आणि हे सगळं कधी, तर सव्वा महिना जिने उठायचं ते बाळाला पाजायला आणि न्हाणीघरात जायला, तिच्यासाठी. खालून वर, श्वासाला जागा ठेवून, विश्रांतीच्या काळात. तीच बाई सहाव्या आठवड्यात कारखान्यात शिवलेला, बरगड्यांवर चढणारा हुकांचा पट्टा घालून झुंबाला जाते तेव्हा तिने आजीची परंपरा चालवली असं म्हणता येणार नाही. आजीने त्यात उड्या मारल्या नव्हत्या.

सिझेरियननंतरच्या पहिल्या दिवसांत हॉस्पिटल जो रुंद इलॅस्टिकचा पट्टा देतं तोही मी काढायला सांगत नाही. टाक्यांना आधार मिळतो, खोकायला, कुशीवर वळायला, चालायला धीर येतो. कण्याच्या ऑपरेशननंतर किंवा मणक्याला इजा झाल्यावर सर्जनने दिलेला पट्टा तर त्यांनीच काढायचा. मी आणि जिमवाल्यांनी त्यात बोट घालू नये. पण पाठदुखी होऊ नये म्हणून आधीच पट्टा लावून ओझी उचलण्याची जी चाल आहे, तिला फारसा आधार नाही. अमेरिकेत दुकानांच्या एका मोठ्या साखळीतल्या १६० दुकानांत नऊ हजारांवर कामगारांवर अभ्यास झाला; २०००मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पट्टा वापरणाऱ्यांत आणि न वापरणाऱ्यांत पाठदुखीचा फरक दिसला नाही. आमच्याकडे गोदामात काम करणारी मुलं महिन्याच्या पगारातून असा पट्टा विकत घेतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्या पैशात चांगले बूट येतील.

मग जिममधला तो चामड्याचा पट्टा? तो वेगळाच प्राणी आहे, आणि त्याची बाजू घेतलीच पाहिजे. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो जास्तीत जास्त १० सेंटिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड असतो. तो कंबर बारीक करायला नाही. खोल श्वास घेऊन पोट त्याच्यावर बाहेर ढकलायचं, म्हणजे पोटातला दाब वाढून कण्याला आतून टेकू मिळतो. जड डेडलिफ्टचे ते काही सेकंद संपले की उचलणारा आधी पट्टा सैल करतो, मग पाणी पितो. ज्याला रक्तदाब आहे त्याने तेही डॉक्टरला विचारून. थोडक्यात, त्यात श्वास भरायचा असतो, वेस्ट ट्रेनरमध्ये तो घ्यायलाच जागा नसते. आमच्या इमारतीतली कॉलेजची पोरं मात्र हा पट्टा जिमच्या दारात शिरताना बांधतात आणि बाहेर पडताना सोडतात; मध्ये बायसेप्स, सेल्फी, गप्पा, सगळं त्यातच. त्यांना उपदेश करायचं मी सोडून दिलं आहे. वयाने ते उतरतं.

वेस्ट ट्रेनरची वंशावळ युरोपातल्या एकोणिसाव्या शतकातल्या कॉर्सेटपाशी जाते. देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या घालून शिवलेल्या त्या आवळ चोळ्या घालून तिकडच्या बायका टेनिससुद्धा खेळत. १९१९मध्ये फ्रान्सची सुझान लाँगलेन विम्बल्डनला आली ती कॉर्सेट न घालता, पोटरीपर्यंतच्या झग्यात, हात उघडे टाकून. लोकांनी नाकं मुरडली. अंतिम सामना १०-८, ४-६, ९-७ असा ४४ गेम चालला आणि ती जिंकली. शंभर वर्षांपूर्वी एका खेळाडू बाईने सोडून दिलेली वस्तू आपण खेळाच्याच नावाखाली परत घ्यावी, याची मला गंमत वाटते. रागही येतो थोडा.

कातडीचंही सांगायला हवं. रबरी पट्ट्याखाली घामोळं उठतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण काहींना त्या रबरातल्या रसायनांचीच ॲलर्जी असते आणि पट्ट्याच्या मापाचा लाल, खाजरा चौकोन उठतो. पावडर टाकून तो जात नाही, पट्टा टाकूनच जातो. मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या, जळजळ, बधिरपणा घेऊन येणाऱ्याही असतात. कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापाशी एक त्वचेची नस मांडीत उतरते, ती आवळली जाते. कंबरेचा एमआरआय काढून आलेली एक जण मला आठवते. तिची मांडी पट्टा आणि घट्ट जीन्स सोडल्यावर काही आठवड्यांत बरी झाली.

आणि वर्षानुवर्षं एकाच रेषेवर आवळत राहण्याची आपल्याकडची दुर्मीळ पण खरी गोष्ट म्हणजे नाडीचा कर्करोग. २०२४मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये दोन बायकांची नोंद केली. एकीला परकराच्या नाडीने कंबरेची कातडी घासून जखम, ती भरत नाही, आणि त्या जुन्या जखमेत कर्करोग. दुसरी बाई तर परकर न घालता लुगडंच घट्ट कसून नेसणारी होती. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. वसंत खानोलकरांनी धोतराच्या बाबतीत असंच १९४५मध्ये लिहून ठेवलं होतं. यावरून 'पट्ट्याने कॅन्सर होतो' असं व्हॉट्सॲपवर फिरवू नका, कृपा करून. तासभराच्या पट्ट्याने तसं काही होत नाही. पण कंबरेवर काळा पडलेला, सतत खाजणारा वळ दिसला तर मी आता नाडी दोन बोटं वर-खाली बांधायला सांगते, आणि न भरणारी जखम असेल तर त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवते. हे सांगायला पैसे लागत नाहीत.

मग पट्टा कधीच घालू नये का? असं मी म्हणत नाही, म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. भावाच्या लग्नात पैठणी चापूनचोपून बसावी म्हणून कुणी शेपवेअर घालत असेल तर जरूर घालावं. आपल्या मापाचं घ्यावं, एक साइज लहान घेऊ नये. पंगतीत बसण्याआधी काढावं. जिने चढताना धाप लागली किंवा पाय बधिर झाले तर वरातीची वाट बघू नये. आरशात आज, आत्ता बरं दिसावं ही इच्छा मला क्षुद्र वाटत नाही. बाळंतपणानंतर सहा महिने ज्या बाईला 'पुन्हा दिवस गेलेत का?' असं तीन वेगवेगळ्या आत्याबाईंनी विचारलेलं असतं, तिला मी शरीरावर प्रेम करा वगैरे काय सांगणार? तिला मी एवढंच म्हणते, लग्नात घाल, जिममध्ये काढ. तो तास तरी पोटाला काम करू दे.

जिममध्ये हा नियम लागू करायला मात्र बरीच ओढाताण झाली. काउंटरवर पट्टे विकायला ठेवलेले होते, विक्रीतला वाटा ट्रेनर मुलींना मिळत होता. त्यांच्यातल्या एकीने मला सरळ विचारलं, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण घाम आला की क्लायंटला वाटतं पैसे वसूल झाले. पट्टा काढला आणि घाम कमी आला तर त्या मला बोलतील." तिचा मुद्दा खरा होता. मग आम्ही टेप काउंटरवरच ठेवली. दर महिन्याला वजनाबरोबर कंबर मोजायची, आणि बरगड्यांचा श्वासाचा घेरही. दुसरा आकडा वाढला की पोरी खूश व्हायला लागल्या. तो चटकन वाढतो, कंबर मात्र आपल्या गतीने जाते. जड वजनाच्या सेटसाठीचा चामड्याचा पट्टा आणि डॉक्टरने लिहून दिलेला पट्टा सोडून बाकी सगळे लॉकरमध्ये, असं शेवटी ठरलं.

दोघी-तिघी त्यावर रागावून पलीकडच्या जिममध्ये गेल्या, तिथे चालतं म्हणून. त्यांतली एक गुडघ्यासाठी अजून माझ्याकडे क्लिनिकला येते. पट्ट्याचा विषय आम्ही दोघीही काढत नाही. पण गुडघ्याचे व्यायाम आडवं पडून करायचे असतात, आणि आडवं पडलं की ते हूक बरगड्यांत टोचतात. त्यामुळे आल्या आल्या ती आपणहून पट्टा सोडते, घडी करून पर्समध्ये टाकते आणि मग म्हणते, "हं, चला मॅडम, कुठला पाय आधी?"